व्याह्यांचे शेवटचे काडतूस

जिच्या पाण्याने रोज पहाटे या देहाची आणि मनाची मरगळ धुतली जाते त्या गोदामाईला, आणि तिच्या काठी उभ्या असलेल्या सावळ्या रामरायाला प्रथम दंडवत. आज या मुखातून जे निघेल ते खरेच निघो, आणि ऐकून कोणाला हसू आले तर ते हसूही त्यांच्याच चरणी रुजू होवो.

आता मंडळी, चहा घ्या. पण किस्सा रंगात आला की कप खाली ठेवा. सांडला तर त्याचाही दोष माझ्याच माथी यायचा, आणि तिथे आता जागा उरलेली नाही.

तुम्ही सगळे मला मोठ्या विश्वासाने पूजेतले बारकावे विचारता. ‘नानांना विचारा, नानांच्या हातून पूजेत चूक व्हायची नाही,’ असे पंचवटीपासून इंदिरानगरपर्यंत बोलले जाते. तर त्याच नानांनी, सोवळे नेसून, मुखी देवाचे नाव घेऊन, अगदी यथासांग जो घोळ घातला, तो कसा आणि कुठून सांगू? सुरुवात व्याह्यांपासून करतो. घोळ माझा असला तरी घर त्यांचे होते.

माझी शुभदा दिंडोरीच्या अंगाला दिली आहे. तिचे सासरे भाऊसाहेब हे द्राक्षबागायतदार. मन सोन्याचे, आवाज ढोलाचा. त्यांचे वडील आण्णा हे एके काळचे नामांकित शिकारी. शिकारीला मुभा होती त्या काळातली गोष्ट. आण्णा गेले, शिकार कायद्याने बंद झाली, आणि मागे उरली ती त्यांची रायफल. इंग्रजी अमदानीतली, एका वेळी एकच गोळी घेणारी. चापाखालची दांडी खाली ओढली की मागचा जबडा उघडतो, एक काडतूस आत जाते, दांडी वर, एक बार. आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. भाऊसाहेबांकडे तिचा रीतसर परवाना. वर्षभर ती कुलपात असते, आणि वर्षातून एकदा जुन्या बंदुकांच्या शौकिनांचा मेळावा भरतो तेव्हा चांदमारीवर जाऊन कागदावर नेम धरते.

मी गळ्यात तुळशीची माळ घातलेला मनुष्य. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. त्यामुळे त्या घरी गेलो की दिवाणखान्यातल्या सांबरशिंगांकडे पाठ करून बसतो. भाऊसाहेब म्हणतात, “नाना, त्ये सांबर मेलं तवा मी बी जन्मलो नव्हतो. तुम्ही कशाला सुतक धरता?”

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवस लेकीकडे राहायला गेलो होतो. विहीणबाई भाच्याच्या मुलाच्या बारशाला मनमाडला गेलेल्या. रात्रीच्या जेवणाला भाऊसाहेब नेहमीपेक्षा गप्प होते. भाकरी कुस्करून तशीच ठेवलेली.

“नाना, उद्याच्याला शेवटचा बार हाय,” ते एकदम म्हणाले.

“शेवटचा म्हणजे?”

“डोळं थकलं आता. पोराला हौस नाय. परवाना परत करायचा, नळी बुजवून घ्यायची आन बंदूक संग्रहालयाला देऊन टाकायची, असं ठरलंय. पर आण्णांच्या हातचं एकच काडतूस उरलंय. त्यांनी सोताच्या हातानं दारू भरलेलं. माझ्या फौजी दोस्तानं, सुभेदारानं, तपासून दिलंय, दारू खणखणीत सुकी हाय. त्ये त्यांच्याच बंदुकीतनं एकदा वाजलं पाहिजे. मंग मी मोकळा.”

बोलताना त्यांचा तो ढोलासारखा आवाज टाळाएवढा बारीक झाला होता. मलाही गहिवरून आले. पण मनात एक शंका वळवळत होती.

“आणि भाऊसाहेब, समोर… कोण असेल?”

“कोण म्हंजे?”

“म्हणजे प्राणी कोणता?”

“कागद हाय नाना, कागद! डुकराचं चित्र छापलेला कागद!”

“चित्र का होईना, पण वराहाचेच ना?” मी पुटपुटलो. शुभदाने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी जेवून लगेच आडवा झालो.

मी निजल्यावर काय घडले ते मला दुसऱ्या दिवशी, फार फार उशिरा कळले. पण तुमच्यापासून कशाला लपवू? भाऊसाहेबांनी कपाटातून ते काडतूस काढले, त्याला हळदकुंकवाची बोटे लावली, आणि आण्णांचे स्मरण करून सकाळपर्यंत देवघरात, देवांच्या पुढे उभे करून ठेवले. मग निश्चिंत मनाने झोपायला गेले.

आता मला सांगा, काडतूस कसे दिसते हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला विचाराल तर मी आयुष्यात ते पाहिले नव्हते. शब्द ऐकला होता, तोही वर्तमानपत्रात.

पहाटे स्नान करून आलो तर शुभदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, आज पूजा तुम्हीच करा ना. सासूबाई नाहीत, आणि मामंजी बागेत पाणी बघायला गेलेत.”

हे काय सांगायला हवे? लोण्यात बोट बुडवल्यासारखे झाले मला! पाटावर बसलो, देव ताम्हणात घेऊ लागलो. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा टाक. आणि मध्यभागी, सगळ्यांच्या पुढे, एक अपरिचित मूर्ती.

मंडळी, मूर्तीच म्हणायला हवी. पितळेची, बोटाएवढी उंच, अंगठ्याहून जाड. खाली भक्कम बैठक, त्यावर धड, मग उतरते खांदे, मग मान, आणि वर गोलसर, काळसर मस्तक. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. अंगावर ताजे हळदकुंकू. घरातल्या देवांत सर्वांत पुढे कोणाला उभे करतात? ज्याच्यावर घराची विशेष निष्ठा असते त्याला. खरे की नाही?

“शुभदा, हा मधला देव कोणता गं?”

“असतील सासूबाईंच्या माहेरचे, बाबा! त्यांचे दोन-तीन टाक आहेत. मला सगळ्यांची नावं नाही माहीत.” तिने मान वळवूनही पाहिले नाही. दूध उतू जात होते.

देव मात्र फार दुर्लक्षित वाटला. अंगावर किती काळाची काळपट पुटे! मला वाईट वाटले. विहीणबाई म्हणजे कामाचे माणूस, त्यांना कुठून सवड मिळणार? म्हटले, आज या देवाची सेवा आपल्या हातून व्हायची आहे.

चिंचेचा कोळ घेतला आणि घास घास घासला. खांद्यांच्या वळणात, मानेच्या खाचेत, बैठकीच्या कडेला, कापसाच्या वातीने कोपरान् कोपरा काढला. बैठकीच्या तळाशी मधोमध एक लहानशी गोल चकती बसवलेली होती; तीही चिंच लावून लखलखीत केली. मग दूध, दही, तूप, मध, साखर. एकेक उपचार सावकाश. आणि नामावळी म्हणेपर्यंत देवाला पंचामृतात आडवा निजवून ठेवला. नामावळी मी कधी गाळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. उजाडून ऊन खिडकीत आले तरी देव पंचामृतातच.

नंतर त्याला पुसून चौरंगावर घेतले. सर्वांगाला चंदनाची उटी, गळ्यात कापसाची वस्त्रमाळ, मस्तकावर झेंडूच्या पाकळ्यांचा मुकुट, पायाशी तुळशीपत्रे. काय सांगू, रूप असे खुलले की माझे मलाच भरून आले!

तेवढ्यात शेजारच्या कुसुमकाकू फुले घेऊन आल्या. त्या भाऊसाहेबांच्या चुलत भावजय. चौरंगासमोर थबकल्या.

“अगं बाई! ह्यो कोणता देव, नाना? मी लगीन होऊन आल्यापासनं ह्या घरात पाहिला नाय.”

आता ‘मला ठाऊक नाही’ एवढे तीन शब्द म्हणायला काय हरकत होती? पण ज्याला लोक प्रश्न विचारतात त्याला उत्तर न देण्याची सवय उरत नाही, हीच तर खरी गोम!

“काकू,” मी डोळे मिटून म्हणालो, “हे निर्गुणाचे सगुण रूप आहे. पाहा, याला हात नाहीत, म्हणजे हा कोणावर हात उगारत नाही. मुख नाही, म्हणजे कोणाला कठोर शब्द बोलत नाही. याच्या ठायी क्रोधाचा लवलेश नाही. असा शांत देव मी आजवर पाहिलेला नाही.”

काकूंनी पदर पसरून नमस्कार केला. मी तीर्थ दिले. त्यांनी एक पळी घेतली, मी तीन पळ्या घेतल्या, शुभदाला दिले, दूध घालायला आलेल्या गवळ्यालाही दिले. तीर्थाला किंचित वेगळी, धातूची अशी चव होती. मी म्हटले, जुन्या देवाचे तीर्थ, त्याची चव वेगळीच असायची.

इतक्यात बाहेर चपला वाजल्या. भाऊसाहेब बागेतून आले, हातपाय धुतले आणि थेट देवघरात शिरले. शिरले ते उभेच राहिले.

“शुभदा! हितं काडतूस ठेवलं हुतं मी. कुठं गेलं?”

“इथे? देवघरात?” शुभदा हात पुसत आली. “मला कुठं बोललात तुम्ही, मामंजी?”

“देवांच्या म्होरं ठेवलं हुतं! उभं!”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी अत्यंत प्रामाणिकपणे म्हणालो, “भाऊसाहेब, पूजा मीच केली. एकेक देव माझ्या हातांनी उचलला. इथे देवांखेरीज काहीही नव्हते.”

पाहा, मी खोटे बोललो नाही. माझ्या जाणिवेत तिथे देवांखेरीज काहीही नव्हतेच!

भाऊसाहेब मटकन खाली बसले. “मंग उंदरानं नेलं! जिवंत काडतूस हाय ते!”

‘जिवंत’ म्हटल्याबरोबर मी धोतर सावरून दोन्ही पाय पाटावर घेतले. पुढचा सगळा वेळ मी जपून पावले टाकत होतो, न जाणो, पायाखाली आले आणि डसले तर?

मग शोधाशोध सुरू झाली. देवघराखालचा कप्पा उपसला, समयांची पेटी उलटी केली, कोनाड्यातली अडगळ काढली. भाऊसाहेबांनी कुसुमकाकूंच्या मांजराला बोल लावला.

“माझी मनी दूध सोडून पितळ कशाला खाईल, भावजी?” काकू उसळल्या. “तुमचाच विसराळूपना! मागं चष्मा डोळ्यावर घालून चष्मा हुडकत व्हते तुम्ही!”

“चष्मा येगळा आन आण्णांचं काडतूस येगळं!” भाऊसाहेबांचा आवाज फुटला. “एकच हुतं ओ. साऱ्या आयुष्यात जपलं. आन नेमकं आज…”

मोठ्या माणसाचा असा आवाज ऐकवत नाही हो. मलाही राहवेना. मी विचारले, “भाऊसाहेब, ते दिसते तरी कसे? म्हणजे मलाही शोधता येईल.”

“पितळी असतंय.”

“बरे.”

“खाली जाड, वर निमुळतं. टोकाला शिशाची गोळी.”

“आणि आकार? अदमासे?” मी चौरंगावरच्या देवाकडे बोट केले. “या देवाएवढे असेल का?”

भाऊसाहेबांनी ओल्या डोळ्यांनी पाहिले. फुले, चंदन आणि वस्त्रमाळ यांच्या पलीकडे त्यांना काय दिसणार? “व्हय व्हय, बराबर तेवढंच!” म्हणाले, आणि पुन्हा चटईखाली हात घालून चाचपू लागले.

मीही ‘तेवढेच’ हे मनात पक्के धरून धान्याच्या कोठीकडे गेलो. हसता काय? बुद्धी एकदा हात जोडून बसली की तिला उठवायला कोणीतरी बाहेरून यावे लागते.

शेवटी सगळे उपाय खुंटले. मेळाव्याची वेळ होत आली. मी देवासमोर गुडघे टेकले. कोणत्या देवासमोर? अर्थात त्याच! म्हटले, या घराची याच्यावर विशेष निष्ठा, हाच धावेल. सर्वांच्या देखत मोठ्याने नवस बोललो, “हे शांतस्वरूपा, माझ्या व्याह्यांचे काडतूस सापडू दे. सापडले तर तुला पुन्हा याहून जास्त पंचामृताने न्हाऊ घालीन!”

माझ्या मागे भाऊसाहेबांनीही हात जोडले. मनोभावे जोडले. मला वाटते, त्या गरीब काडतुसाला इतकी आर्त प्रार्थना आण्णांच्या काळातल्या सांबरानेसुद्धा केली नसेल.

तोच बाहेर जीप थांबली. सुभेदार आले होते. भाऊसाहेबांचे बालमित्र, सैन्यातून निवृत्त, मिश्या पांढऱ्या पण अजून ताठ. भाऊसाहेबांना चांदमारीवर न्यायला आले होते.

“चलो भाऊ! सगळे पोहोचले तिथं. अरे, हे काय? घरात झाडाझडती कशाची?”

भाऊसाहेबांनी सांगितले. सुभेदारांचा चेहरा गंभीर झाला. “सापडलंच पाहिजे. हरवलेल्या काडतुसाचं पोलिसांना उत्तर द्यावं लागतं, मजाक नाही.”

“मी नवस बोललो आहे,” मी धीर दिला. “या, सुभेदार, आधी तीर्थ घ्या. हा देव पावणारा आहे.”

सुभेदारांनी बूट काढले, आत येऊन तीर्थ घेतले, टाळूवरून हात फिरवला आणि नमस्काराला वाकले. वाकले ते वाकलेच राहिले. मग खिशातून चष्मा काढला. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. एका बोटाने झेंडूचा मुकुट किंचित वर केला.

“नाना,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “या देवाला मी पेट्याच्या पेट्या ओळखतो.”

“म्हणजे? आपल्याकडेही याची उपासना आहे?”

“वीस-बावीस वर्षं रोज केली. सरकारी खर्चानं.”

त्यांनी देव उचलला. मी ‘अहो, शिवू नका, पारोसे…’ एवढे म्हणेपर्यंत वस्त्रमाळ बाजूला, चंदन पुसलेले, आणि बैठकीची ती लखलखीत चकती भाऊसाहेबांच्या नाकासमोर!

“ही टोपी. इथं ठोका पडला की आतली दारू पेटते. नाना, तुम्ही हिला काय लावलं?”

“चिंच,” मी म्हणालो.

“आणि?”

“दूध. दही. तूप. मध. साखर.”

“किती वेळ?”

“नामावळी… संपूर्ण.”

देवघरात अशी शांतता पसरली, जशी मी कुसुमकाकूंना वर्णन करून सांगितली होती. आणि त्या शांततेत शुभदा, माझी स्वतःची मुलगी, तोंडाला पदर लावून म्हणाली, “बाबा, नवस पावला की हो!”

“खबरदार!” सुभेदार गरजले. “परत पंचामृत नाही!”

“आन तीर्थ?” कुसुमकाकू पोट धरून म्हणाल्या. “मी पळीभर प्याले की! नानांनी तर तीन पळ्या!”

सुभेदारांनी आपल्या ओल्या मिश्यांवरून हात फिरवला. तीर्थ त्यांनीही घेतले होते. “आज कोणी चुलीजवळ जाऊ नका,” एवढेच म्हणाले.

हसले नाहीत ते एकटे भाऊसाहेब. त्यांनी ते काडतूस तळहातावर घेतले आणि बघत राहिले. मी हात जोडून उभा. अपराध सुचला तसा उपायही सुचला, “भाऊसाहेब, ओलसर असेल तर निरांजनावर जरासे शेकू का?”

“नानाऽऽ!” सुभेदार आणि भाऊसाहेब एकदम ओरडले, आणि दोघांनी मला निरांजनापासून ओढून बाजूला केले.

“कोरडं दिसतंय वरनं,” भाऊसाहेब म्हणाले. “आत वल गेली का, सुभेदार?”

“कागदाची गुंडाळी आहे गोळीच्या बुडाशी. शिरली असेल थोडी. पेटेल, न पेटेल, सांगता येत नाही. राहू दे भाऊ. ठेवून दे आठवण म्हणून.”

“नाय. आण्णांनी ठेवून द्यायला भरलं नव्हतं. चला.”

मीही जीपमध्ये बसलो. कोणी बोलावले नव्हते. पण घरी बसून काय करणार? कोणत्या तोंडाने कोणत्या देवासमोर बसणार?

चांदमारी म्हणजे टेकडीच्या पोटाशी मोकळे मैदान. समोर मातीचा उंच बंधारा, त्याच्या पुढे कागदी वराह ओळीने उभे. अलीकडे दोरी बांधलेली. दोरीच्या आत नेमबाज, बाहेर बघे. लाउडस्पीकरवर एक गृहस्थ एकेकाचे नाव पुकारत होते. कोणाची आजोबांची बंदूक, कोणाची पणजोबांची. प्रत्येकाला एकच बार. बार झाला की धुराचा लोट, पलीकडून दुर्बीण लावलेला मनुष्य निकाल सांगणार.

वाट बघताना सुभेदारांनी माझी काळजी अजून वाढवली. “तसंही भाऊचा नेम लागत नाही, नाना. हात चांगला आहे, पण चाप ओढताना आवाजाच्या धास्तीनं डोळे मिटतो आणि खांदा झटकतो. दर वर्षी गोळी मातीत. दर वर्षी सांगतो, ऐकत नाही.”

म्हणजे शेवटचे काडतूस, तेही मी दुधात बुडवलेले, आणि वर हे! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. त्या एकाला सोडून.

भाऊसाहेबांचे नाव पुकारले गेले. ते दोरीच्या आत गेले, दांडी खाली ओढली, काडतुसाला कपाळ लावले आणि आत सरकवले. बंदूक खांद्याला.

चाप ओढला. डोळे मिटले, खांदा झटकला.

टिक्.

बस्स. एवढेच. टिक्!

संपले! एका मुलाने बापाची आठवण आयुष्यभर जपली आणि मी ती चिंच लावून घासून टाकली. समोर भाऊसाहेब तसेच उभे, बंदूक खांद्यालाच. सुभेदार दोरीबाहेरून काहीतरी ओरडत होते, “हलू नको! बंदूक समोरच! थांब तसंच!” चाप ओढूनही काडतूस वाजले नाही, तर नळी कागदाकडे रोखून थांबायचे, असा तिथला नियम असतो म्हणे. ओली दारू कधी कधी उशिरा पेटते. मला काय ठाऊक? मला वाटले, सुभेदार त्यांचे सांत्वन करत आहेत, आणि मित्र सांत्वन करतो तर अपराध्याने पाय धरायला नकोत का?

मी दोरीबाहेरच, भाऊसाहेबांच्या पाठीमागे, मातीवर साष्टांग लोटांगण घालायला दोन्ही हात पुढे करून झेप घेतली. “भाऊसाहेब, क्षमाऽऽ…”

धडाम्!

आकाश कोसळल्यासारखा आवाज! धूर! नाकात दारूचा वास, आणि मंडळी, शपथेवर सांगतो, त्यात थोडा जळक्या साखरेचाही! मी तोंडघशी मातीत. कानात घणघण. माळ तोंडात गेलेली. त्या क्षणी मला एकच वाटले, की हे शांतस्वरूप आपल्यावर कोपले.

वर काय झाले ते मी पाहिलेच नाही, लोकांनी सांगितले. भाऊसाहेबांचे डोळे मिटणे आणि खांदा झटकणे ‘टिक्’लाच उरकून गेले होते. आता ते नियमाप्रमाणे नुसते स्थिर उभे होते, डोळे उघडे, श्वास रोखलेला. धास्ती घ्यायला कारणच नव्हते. आणि नेमके तेव्हाच आण्णांचे काडतूस पेटले. दुर्बीणवाला ओरडला, “मधोमध! अगदी मधोमध!”

पण टाळ्या वाजल्या नाहीत हो. कारण बघ्यांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. बंदूक वाजली आणि पाठीमागे एक धोतरवाला म्हातारा पालथा पडला, एवढेच त्यांना दिसले. बाया किंचाळल्या. लाउडस्पीकरवरचे गृहस्थ घाबऱ्या आवाजात पुकारू लागले, “डॉक्टर आहेत का कोणी? एका वयस्कर गृहस्थांना गोळी लागली आहे! डॉक्टर!” दोघांनी मला उताणे केले, तिसरा माझ्या सदऱ्यावर रक्त शोधू लागला. त्याला कपाळावरचे अष्टगंध सापडले आणि तो आणखीच घाबरला.

“मला काही झाले नाही!” मी ओरडत होतो. “मी नमस्कार करत होतो!”

“बाबा भ्रमात बोलताहेत, पाणी आणा!” कोणीतरी म्हणाले.

गर्दी बाजूला सारून भाऊसाहेब आले. बंदूक सुभेदारांच्या हाती देऊन माझ्याशेजारी मातीतच बसले. डोळ्यांतून धारा, आणि हसू थांबत नव्हते. मला मिठी मारून म्हणाले, “नाना, लागला! आण्णांचा नेम लागला ओ!”

आणि वर उभ्या सुभेदारांनी मिशीला पीळ भरत, लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माईक घेऊन सगळ्या मैदानाला जाहीर केले:

“घाबरू नका, मंडळी! डॉक्टर नकोत! भाऊसाहेबांनी शेवटच्या गोळीत दोन पाडले, म्होरं डुक्कर, मागं व्याही!”

मग ज्या टाळ्या पडल्या, त्यातल्या किती कागदाला आणि किती मला, ते रामरायालाच ठाऊक.

असो. ज्याने ऐकले आणि जो हसला, त्याच्या घरी दूधदुभते भरून वाहो आणि ते योग्य त्या देवाच्याच अंगावर पडो. तुमच्या लेकीसुना सुखात नांदोत, त्यांना भाऊसाहेबांसारखे सासरे लाभोत, आणि थकलेल्या प्रत्येक हाताचा राहून गेलेला एक नेम त्याच्या हयातीत मधोमध लागो. घराघरात शांती असो. बोलणारी, चालणारी, हसणारी शांती. शुभं भवतु.